एका पट्ट्याची बॅग घेऊन पेठला

नाशिकहून पेठ काही लांब नाही. सकाळी एसटीत बसलेला माणूस तहसिलीतली कामं उरकून दिवेलागणीला घरी परततो. अशा गावाच्या प्रवासाबद्दल कुणी लिहीत नाही, आणि एरवी मीही लिहिलं नसतं. पण यंदाच्या थंडीत तिथं जायला मला बरीच तयारी करावी लागली, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो एक बॅग निवडण्यात.

निमित्त झालं रामदास गावितांच्या फोनचं. त्यांची बायको यमुना माझी जुनी मैत्रीण. माझी पहिली नेमणूक पेठ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत झाली, तेव्हा यमुना तिथं आधीपासून शिकवत होती. पुढं माझी बदली झाली, मी नाशिकरोडला घर केलं. ती त्याच पट्ट्यात राहिली आणि तिथूनच निवृत्त झाली. रामदासभाऊ फोनवर म्हणाले, "बाई, ही दोनदा चक्कर येऊन पडली. नाशिकच्या डॉक्टरनं पेसमेकर बसवा म्हणून सांगितलं हाय. ही ऐकत नाय. तुमाला बसवलाय ना? तुमी या एकदा. तुमाला बघितल्यावर तरी मानंल."

मला पावसाळ्याआधी पेसमेकर बसवला. डाव्या खांद्याच्या खाली, गळ्याच्या हाडाला लागून काडेपेटीएवढा उंचवटा आहे. त्या दिवसापासून घरातले मला काचेच्या भांड्यासारखं वागवत होते. पेठला जायचं म्हटल्यावर माझा मुलगा प्रशांत लगेच म्हणाला, "गाडी करून देतो, कविता येईल सोबत." कविता म्हणजे माझी सून.

मी म्हटलं, "मी एसटीनं जाणार. एकटी."

हट्ट म्हणून नव्हे. पेसमेकर बसवलेली बाई कशी जगते, हे यमुनाला बघायचं होतं. सुनेचा हात धरून गाडीतून उतरलेली बाई बघून ती काय समजली असती? मला माझं सामान माझ्या खांद्यावर घेऊन तिच्या दारात जायचं होतं. पण कुठल्या खांद्यावर, इथंच सगळं अडलं होतं.

मेन रोड, नाशिक

नोकरीभर माझी पर्स डाव्या खांद्यावर असायची. आता तिथं पट्टा टेकला की तो उंचवटा दुखायचा. पर्स उजवीकडे घेतली तर ती घसरायची. इतक्या वर्षांच्या सवयीनं डावा खांदा पर्स धरून ठेवायला उचललेलाच राही. उजव्याला ते ठाऊकच नव्हतं. पाठीवरच्या सॅकला दोन पट्टे, म्हणून ती बाद. तेव्हा उजव्या खांद्यावरून आडवी घेता येईल अशी एकाच पट्ट्याची बॅग हवी, असं कविताचं आणि माझं ठरलं. रोज भाजीला जाताना चालेल आणि दोन दिवस गावाला जायचं तरी पुरेल अशी.

पहिल्या दुकानातल्या माणसानं मोठ्या हौसेनं एक चामड्यासारखी बॅग काढली. झाकण नुसतं टेकवलं की बंद होत होतं. "चेनची कटकटच नाही, मावशी. मॅग्नेट आहे."

"मॅग्नेट नको."

"का? सगळ्या लेडीज हीच नेतात."

कविता माझ्याकडे बघायला लागली. यमुनाचं घर सोडलं तर मी हे बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. कॉलनीतल्या बायकांनाही 'छोटंसं ऑपरेशन' एवढंच माहीत होतं. पण इथं दुसरं काय सांगणार? "मला पेसमेकर आहे. लोहचुंबक छातीजवळ चालत नाही."

त्यानं काउंटरवरच्या बॅगा एकेक करून बाजूला केल्या. "ही नको. हिला आत मॅग्नेट आहे. ही पण नको." दया वगैरे काही दाखवली नाही. एखाद्याला ताग्यातला रंग नको असावा, इतक्या सहजपणे त्यानं ते घेतलं. मला फार मोकळं वाटलं.

त्यापुढची अडचण आमच्या लक्षातही आली नव्हती. बहुतेक स्लिंग बॅगांचा पट्टा एकाच अंगानं शिवलेला असतो. तो डाव्या खांद्यावर घेतला तर बॅग नीट बसते. उजव्यावर घेतली की उलटी होते, चेन खाली येते आणि उघडली की आतलं सगळं पायाशी. काहींचं बक्कल नेमकं छातीवर डावीकडे येत होतं. एक बॅग सगळ्या बाजूंनी बरी होती, पण पट्टा बोटभर रुंदीचा. त्यात पाण्याची भरलेली बाटली टाकून मी दुकानातच चार चकरा मारल्या, तर खांद्यावर दोरी काचावी तसा काच पडला. तेव्हापासून माझं मत झालंय की बॅग रिकामी असताना कधी पसंत करू नये. रिकामी बॅग कुणालाही शोभते.

शेवटी गल्लीतल्या एका लहान दुकानात जाड कॅनव्हासची, मातकट रंगाची बॅग मिळाली. तिच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना धातूच्या कड्या होत्या. पट्ट्याचं टोक हव्या त्या कडीत अडकवायचं. पट्टा तळहाताएवढा रुंद, आणि जिथं तो बॅगेला जोडला होता तिथं चौकोनात फुलीची दुहेरी शिलाई. कवितानं दोन्ही हातांनी तो खेचून बघितला. तिला मरून रंग हवा होता, पण तो नव्हता. आत पाणी, औषधं, पेसमेकरचं कार्ड, शाल, एक साडी आणि यमुनासाठी चिवड्याचा पुडा, एवढं सगळं नीट बसलं. रविवार कारंजापर्यंत मी ती घालून चालत गेले. खांदा गप्प होता.

सावळघाट

सीबीएस स्टँडवरून पेठची गाडी धरली. पेठ नाका मागं पडला की काही वेळ टोमॅटोचे मांडव आणि द्राक्षांच्या बागा दिसतात, मग जमीन हळूहळू उघडी पडत जाते आणि घाट लागतो. भात निघून गेलं होतं. उतारावरच्या खाचरांत नुसती पिवळी खुटं आणि मधूनमधून पेंढ्याच्या उडव्या. नाशिकची थंडी अंगाला झोंबते; इथली सावलीत बसलेली असते आणि उन्हात आलं की लगेच निघून जाते.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, बॅग वर टाका." मी म्हटलं, "मांडीवरच राहू द्या." शेजारी करंजाळीला उतरणारी एक तरुण बाई होती. तिनं लुगड्याच्या तुकड्याची झोळी करून तान्हं बाळ कुशीत घेतलं होतं आणि त्या झोळीची गाठ उजव्या खांद्यावर होती. माझं लक्ष तेव्हा सगळ्यांच्या खांद्यांकडेच होतं. मी विचारलं, "गाठ उजवीकडेच घेता?"

"डाव्या हातावर पोराचं डोकं ठेवायचं. उजवा हात कामाला," ती म्हणाली. मग माझ्या बॅगेकडे बघून म्हणाली, "तुमची पण तशीच हाय की."

घाटात तिचं मूल जागं झालं आणि माझ्या पट्ट्याच्या कडीशी खेळू लागलं. आमच्याकडे बाळाला बाहेर नेताना बाबागाडी, दुपटं, बाटल्या, पिशव्या असा लवाजमा निघतो. हिच्याकडे एक कापड आणि एक गाठ होती.

पेठला उतरून यमुनाच्या पाड्यावर जायला जीप धरली. जीपमध्ये माणसं दाटीनं बसलेली. पाड्याच्या फाट्यावर मी मागच्या बाजूनं खाली पाय टाकला, आणि पट्टा दाराच्या आकड्यात अडकला. मी उतरले असं समजून ड्रायव्हरनं गाडी सोडली. मी दोन-तीन पावलं तशीच धावले. आतल्या एका म्हाताऱ्यानं पत्र्यावर थापा मारल्या तशी गाडी थांबली आणि मी मातीत बसले.

कुठं लागलं नाही. साडी लाल मातीनं भरली, एवढंच. मी आधी डाव्या खांद्याखाली हात लावून बघितला, मग पट्टा. शिलाईचा एक टाका उसवला नव्हता. दुकानात आम्ही ज्याचं कौतुक केलं होतं, त्याचीच मला आता भीती वाटली. न तुटणारा पट्टा माणसाला ओढत नेऊ शकतो, हे तिथं आम्हाला सुचलं नव्हतं. तेव्हापासून गाडीतून उतरताना मी बॅग आधी हातात काढून घेते. मजबूत बॅग घेणाऱ्याला माझा एवढा सल्ला आहे.

रामदासभाऊ न्यायला आले होते. त्यांनी हे सगळं बघितलं. "बाई, काही झालं का?"

"काही नाही. चला."

त्यांनी बॅग घ्यायला हात पुढं केला. मी दिली नाही.

पाडा

यमुना ओट्यावर उभी होती. वाळली होती. माझी मातीनं भरलेली साडी बघून ती हसायला लागली. "ही शहरातली बाई. अजून जीपमधून उतरता येत नाही हिला."

मोठ्या दिमाखात यायचं ठरवलं होतं, ते असं झालं. पण तिच्या हसण्यानं आम्ही दोघी एकदम शाळेच्या त्या खोलीत जाऊन बसल्यासारखं झालं.

जेवायला नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, उडदाचं घट्ट भुजं आणि खुरासणीची काळी चटणी. घरी कविता तेल मोजून घालते, मीठ तर हातात धरूनच विचार करते. इथं मी भाकरीवर चटणी घेतली आणि कुणी काही बोललं नाही. यमुना भाकरी थापत होती ती डाव्या हातानं. ती डावखुरी. फळ्यावर लिहितानाही डाव्या हातानं लिहायची, आणि आमच्या वेळचे विस्तार अधिकारी ते बघून कपाळाला आठ्या घालायचे.

जेवणानंतर उन्हात बसलो तेव्हा ती म्हणाली, "दाखव."

मी पदर सरकवला. तिनं दोन बोटं हलकेच त्या उंचवट्यावर ठेवली. "हालतं का आत?"

"नाही."

"कळतं का तुला, की आता यानं ढकललं म्हणून?"

"नाही गं. काहीच कळत नाही. आधी पायऱ्या चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची, ती आता येत नाही, एवढंच."

ती म्हणाली, "इथं बाया म्हणतात, मशीन बसवलं की जीव सुटत नाही. माणूस जायला टेकलं तरी मशीन त्याला धरून ठेवतं."

हा प्रश्न मीही डॉक्टरांना विचारला होता, म्हणून उत्तर माहीत होतं. "तसं नसतं. शरीर थकलं की मशीनचं काही चालत नाही. ते नुसतं ठोक्याची आठवण करून देतं. आपण नाही का वर्गात डुलक्या घेणाऱ्या पोराला हाक मारायचो? पोर घरीच गेलं असेल तर हाक कुणाला मारणार?"

तिनं मान हलवली. पण हो म्हणाली नाही. मला वाटलं, हे खरं कारण नाही. तिच्याकडे आणखी काही आहे, पण मी ओढून काढायला गेले तर ती ते आतच ठेवेल. मी विषय बदलला.

बांधावर

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला वाल बघायला शेताकडे घेऊन निघाली. भातानंतरच्या ओलीवर त्यांनी वाल पेरला होता. या भागातल्या बायका ओझं डोक्यावर घेतात, हात मोकळे सोडतात आणि बांधावरून सरळ चालत जातात. मी बॅग आडवी घालून, एक हात तिच्यावर ठेवून, जपून पाय टाकत होते. यमुना पुढं. ती काहीतरी सांगत होती आणि वाक्याच्या मध्येच थांबली. मी वर बघितलं तेव्हा ती गुडघ्यांतून खाली चालली होती.

तिच्याजवळ मी कशी पोचले ते आठवत नाही. मान बाजूला पडली होती, चेहरा राखेसारखा झाला होता. मी तिला कुशीवर केलं, बॅगेतली शाल डोक्याखाली सरकवली आणि रामदासभाऊंना हाका मारल्या. ते वरच्या खाचरात होते. त्या थोड्या वेळात मला पहिल्यांदा कळलं की माझ्या बाबतीत घरच्यांनी काय बघितलं असेल. पेसमेकरच्या आधी मीही अशीच पडले होते, पण मी तर तेव्हा बेशुद्ध होते. बघणारे ते होते.

तिनं डोळे उघडले. रामदासभाऊ धापा टाकत आले, खाली बसले आणि तिचे तळपाय चोळू लागले. यमुना त्यांच्याकडे बघत राहिली.

"यमुना," मी म्हटलं, "आता खरं सांग. कशाला भितेस?"

ती डावा हात थोडा वर उचलून म्हणाली, "याला."

"म्हणजे?"

"डॉक्टर म्हणाला, डाव्या बाजूला बसवतो. मग हा हात काही आठवडे वर करायचा नाही, जड उचलायचं नाही. नर्सनं हात बांधून ठेवायचा पट्टा पण दाखवला. मी पहिलीत होते तेव्हा गुरुजींनी हा हात खिडकीच्या गजाला बांधला होता. उजव्या हातानं लिहायला शिक, मग सोडतो म्हणाले. रोज बांधायचे. मला लिहिता यायचं, सुजाता. सगळ्या वर्गात मलाच यायचं. पण हात बांधलेला, म्हणून पाटी कोरी. सगळे मला मठ्ठ म्हणायचे. तो पट्टा बघितला आणि मी तिथून उठून आले."

इतकी वर्षं मी तिच्याबरोबर शिकवलं, पण हे मला माहीत नव्हतं. तिच्या वर्गात डावखुऱ्या पोरांना ती बाकाच्या डाव्या टोकाला बसवायची, म्हणजे शेजारच्याचा कोपर लागू नये, एवढं मात्र मला आठवलं. मला वाटायचं, ती तिची शिस्त आहे.

"तू डावखुरी आहेस हे डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यानं कुठं विचारलं."

"आणि तू?"

"सांगितल्यावर काय होतं ते मी एकदा बघितलंय."

दुसऱ्या बाजूला बसवतात की नाही, हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि नसती आशा लावायची भीती वाटत होती. शेवटी म्हटलं, "आपण फक्त विचारायला जाऊ. नाही म्हणाले तर मी स्वतः तुला परत आणून सोडते."

रामदासभाऊ तिच्या पायाजवळून हळूच म्हणाले, "जाऊ या ना. नुसतं इचारायचं हाय."

यमुना उठून बसली. शाल झटकून घडी घातली आणि माझ्या बॅगेत नीट भरली. "चल," ती म्हणाली.

परत नाशिक

येताना आम्ही गाडी केली. एसटीचा माझा आग्रह त्या सकाळी बांधावरच संपला होता. दवाखान्यात डॉक्टरांसमोर यमुना बसली, मी आणि रामदासभाऊ मागं उभे. डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. ते आधीचे कागद बघत होते तेवढ्यात यमुना म्हणाली, "डॉक्टर, मी डावखुरी आहे."

तिचा आवाज पहिलीतल्या मुलीसारखा आला.

"हो का?" ते कागदावरून नजर न काढता म्हणाले. "मग उजवीकडे बसवू. डावा हात मोकळा राहील." आणि तसं लिहून त्यांनी पान उलटलं.

एवढंच. बाहेर आल्यावर यमुना बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. रामदासभाऊ गोंधळून माझ्याकडे बघत होते. मी त्यांना चहा आणायला पाठवलं. रडून झाल्यावर ती म्हणाली, "मी किती दिवस पडत राहिले असते गं, या एका वाक्यासाठी."

ऑपरेशन नीट झालं. टाके निघेपर्यंत दोघं आमच्याकडे राहिले. कविताची आणि यमुनाची चांगली गट्टी जमली. यमुनानं तिला नागलीची भाकरी एका हातानं थापून दाखवली आणि कवितानं दोन्ही हातांनी मोडून दाखवली. रोज संध्याकाळी कॉलनीच्या रस्त्यावर आम्ही फेरी मारायचो. समोरून येणारे "जयभीम, बाई" म्हणत थांबायचे, आणि मी पाहुणीची ओळख करून द्यायची: "ही यमुना, माझी मैत्रीण. हिलाही पेसमेकर आहे, माझ्यासारखा." कॉलनीला माझी बातमी ही अशी कळली.

ते परत निघाले त्या दिवशी मी सीबीएसवर सोडायला गेले. रामदासभाऊ गाडीची चौकशी करायला गेले होते. आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. तिची शबनम डाव्या खांद्यावर, माझी बॅग उजव्यावर. तिनं विचारलं, "सुजाता, तुला कुठल्या बाजूला हवा होता?"

"काय?"

"पेसमेकर. तुला कुणी विचारलं असतं तर तू कुठं सांगितलं असतंस?"

मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायची गोष्ट आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. मी उजव्या हातानं लिहिणारी. डॉक्टरांनी बरोबरच केलं असणार. तरी त्या बाकावर मी पहिल्यांदाच त्याचा विचार केला. नव्या माणसांशी बोलताना मी पर्सचा पट्टा डाव्या मुठीत धरायची, नेमणुकीच्या पहिल्या दिवशी त्या शाळेच्या दारात उभी होते तेव्हाही. तो पट्टा धरला की मला धीर यायचा.

"उजवीकडे सांगितलं असतं," मी म्हटलं. "डावा खांदा माझ्या सवयीचा होता."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. समजावलं नाही, वाईट वाटल्याचंही दाखवलं नाही. नुसतं माझ्या उजव्या खांद्यावर पट्टा थोडा गोळा झाला होता, तो तिनं बोटांनी सपाट केला.

पेठची गाडी लागली. दाराशी गर्दी झाली. रामदासभाऊंनी आधार द्यायला हात पुढं केला, ती म्हणाली, "तुम्ही आधी चढा, जागा धरा." मग तिनं दाराचा दांडा डाव्या हातानं घट्ट धरला आणि वर चढून गेली.